राईएवढी गोळी

लेकराला अफू देणाऱ्या बाईला नावं ठेवायला काय लागतं हो? तोंड उघडायचं आणि ठेवायची. आमच्या कापसाच्या जिनाच्या आवारात ज्या ज्या बायांनी दुर्गाला नावं ठेवली, त्यांतल्या एकीनं तरी तिचं पोर घटकाभर कडेवर घेतलं असतं तर मी मानलं असतं. मी तिच्या शेजारच्या खोलीत राहायची. मधली भिंत अशी, की फोडणी तिची आणि ठसका मला. म्हणून सांगते.

साल छप्पनचं. भादवा सरत आला होता. अमळनेरच्या बाजूच्या एका खेड्यातून ते चौघं उज्जैनला आले: गोपाळ, त्याची बायको दुर्गा, सात-आठ वर्षांची जयू आणि वर्षाचं होऊ घातलेलं बापू. गोपाळ जिनातला मिस्त्री. कपाशीतून सरकी वेगळी काढायची जी यंत्रं असतात ना, रेचे म्हणतात त्यांना, ती हा माणूस नुसत्या आवाजावरून दुरुस्त करायचा. त्या वर्षी खानदेशात कपाशीवर लाल्या पडला. पानं लालभडक होऊन उभी झाडं वाळली. तिकडचं जिन उघडायची आशाच नव्हती, म्हणून तिथल्या शेटनं गोपाळला आपल्या मेव्हण्याकडे, आमच्या जिनात पाठवून दिलं.

माझे हे त्याच जिनात काट्यावर होते, कपाशीच्या गाड्या तोलायचे. आम्ही इथलेच. आजे-पणजे संस्थानी सरकारच्या चाकरीत इकडे आले, मग चाकरी गेली, सरकार गेलं, आडनाव तेवढं राहिलं. मी सकाळी फ्रीगंज भागात एका वकिलांकडे स्वयंपाकाला जायची ती दुपारी परत. जिनाच्या खोल्यांची एक अट होती, एका खोलीमागे दोन माणसं जिनात कामाला पाहिजेत. आमचं चालून जायचं, कारण हे कारकुनांत मोडायचे. मिस्त्रीला ती सूट नव्हती. म्हणजे दसऱ्याला जिन सुरू झालं की दुर्गाला आत जाणं भाग होतं, नाहीतर सामान उचला.

दुर्गा उंच, हाडापेरानं मजबूत, पण चालताना एका अंगाला झुकायची. पहिल्या दिवशी हौदावर मी विचारलंच, "पडली होतीस काय ग कधी?"

"पडले नाही, वहिनी. पाच भावंडं वागवली ह्या कडेवर. मी जयूपेक्षा लहान होते तेव्हापासून. एक उतरलं की दुसरं. कंबर तशीच राहिली." कळशी डोक्यावर घेत ती म्हणाली, "माझी पोर नाही वागवणार. माझी पोर शाळेत जाईल."

हे असं पहिल्याच दिवशी सांगून टाकणारी बाई. मला आवडली.

जयूचं मात्र इथं काही जमेना. पितृपक्ष सुरू झालेला. तिच्या गावाकडे ह्या दिवसांत पोरी भुलाबाई मांडतात, टिपऱ्या घेऊन घरोघरी गाणी म्हणतात. इथं भुलाबाई कुठून आणायची? ती दाराच्या चौकटीला पाठ लावून बसायची. एक दिवस पलीकडच्या ओळीतल्या मालवी पोरी शेणाचा गोळा घेऊन आल्या आणि आमच्याच भिंतीवर संजा मांडायला बसल्या. शेणानं चांद काढायचा, सूरज काढायचा, वर गुलबासाची, झेंडूची फुलं चिकटवायची. जयू हळूहळू सरकत गेली. त्यांनी तिला चांद दिला काढायला. हिनं काढली टिपरी. त्या पोरी हसून हसून लोळल्या, पण टिपरीवरही फुलं चिकटवली. दुर्गा पितरांच्या दिवसांत हे काय म्हणून आधी कुरकुरली, मग मुकाट्यानं शेण आणून द्यायला लागली.

बापू तेव्हा भिंत धरून उभं राहायचं. आजोबाचं नाव ठेवलेलं, त्यामुळे त्याला नावानं कुणी रागवायचं नाही, सगळे बापू बापू करायचे. गुबगुबीत, दोन दात वर, दोन खाली. भिंत धरून संजापर्यंत जायचं आणि फुलं उपटून तोंडात घालायचं. पोरी ओरडायच्या. ह्याला वाटायचं आपलं कौतुक चाललंय.

"दसऱ्यापर्यंत धावेल बघा हा," मी म्हटलं.

"दिवाळी तरी लागेल," दुर्गा म्हणाली. दृष्ट नको म्हणून कमीच बोलली.

मी जयूला घेऊन मराठी शाळेत गेले. फ्रीगंजात, माझ्या वाटेवरच. बाईंनी आधी नाक मुरडलं, अर्धं वर्ष गेलं म्हणाल्या, पण पोरीनं शंभरपर्यंत आकडे धडाधडा म्हणून दाखवले. बापाबरोबर रुईच्या गठाणी मोजायची ती. "दसऱ्याला पाटी पुजून आणा," बाई म्हणाल्या. परत येताना रेल्वे फाटकाशी गाडी जाईपर्यंत थांबलो. तिनं सगळे डबे मोजले, मग सीताफळवाल्याच्या पाटीतली फळं मोजली. दोन सीताफळं घेतली तर बिया सुद्धा मोजल्या. म्हटलं, बाई, तू माझं डोकं खाऊन राहिलीस आता.

दसऱ्याला दुर्गानं पाटीवर एकाच्या आकड्यांची सरस्वती काढून घेतली जयूकडून, हळद-कुंकू वाहिलं. पलीकडे जिनात रेच्यांना झेंडूचे हार घातले, नारळ फुटला, भोंगा वाजला. सगळं एकाच सकाळी. दुसऱ्या दिवशी जयू माझ्याबरोबर शाळेत आणि दुर्गा बापूला घेऊन जिनात.

आता जिन आतून कसं असतं ते ज्यानं पाहिलं नाही त्याला काय सांगायचं? रेच्यांची रांग, वरून चामड्याचे पट्टे सरसर फिरताहेत, आवाज असा की शेजारची बोंबलली तरी ऐकू येत नाही. रुईचा बारीक भुगा नाकातोंडात, केसांत, पापण्यांवर. बाया ओळीनं उभ्या राहून कपाशी रेच्यांत सारतात, हात जरा पुढे गेला की बोट गेलंच. पोरांना आत घ्यायची सोय नाही. ती सगळी बाहेर, पत्र्याखाली, कपाशीच्या ढिगाशेजारी निजलेली. दिवसभर निजलेली. धापूमाँ नावाची एक म्हातारी मालवीण त्यांच्याजवळ बसून माश्या वारायची.

बापू निजणाऱ्यांतलं नव्हतं. पहिल्याच दिवशी धापूमाँचा डोळा चुकवून ते रांगत अंगणात गेलं आणि गाड्यांच्या रांगेत बैलाच्या पोटाखाली जाऊन बसलं. बैल गरीब म्हणून पोर वाचलं. ह्यांनी काट्यावरून पाहिलं आणि धावत जाऊन उचललं. मुकादम आत जाऊन दुर्गावर सगळ्यांसमोर ओरडला, "छोरे को सुला के लाओ, नहीं तो बड़ी छोरी को साथ लाओ! मर गया तो शेट मेरी गर्दन पकड़ेगा!" वर म्हणाला, मिस्त्रीण झाली म्हणून काय पाळणा बांधू का तुझ्यासाठी? बाया खाली माना घालून हसल्या.

दुपारच्या सुट्टीत धापूमाँनं तिला शेजारी बसवलं. कमरेची चंची काढली, त्यातून काळा चिकट गोळा काढला आणि नखानं राईएवढा कण तोडला.

"कईं नी होय, बई. म्हारा बी असाज मोटा हुया. दूध में घसीने अंगूठा से चटाई दे, बस."

दुर्गा काय ते समजली. अफू कोणाला ठाऊक नसते? ती उठून गेली. संध्याकाळी माझ्या दारात आली, केसांत रुई तशीच.

"वहिनी, सगळ्याच देतात इथं?"

"देतात," मी म्हटलं. "पण तू नको देऊ, दुर्गा. जहर आहे ते."

"मग जयूला ठेवू का घरी?"

जयू ओट्यावर बसून ग म भ न गिरवत होती, जीभ दातांत धरून. गोपाळ शेजारी बिडी ओढत बसला होता. तो एरवीही बोलायचा कमी. "जयूची माय," तो म्हणाला, "पोर राहील घरी ह्या वर्षी. पुढच्या वर्षी जाईल."

"पुढच्या वर्षी माझी माय पण म्हणायची," दुर्गा म्हणाली आणि आत निघून गेली.

दुसऱ्या दिवसापासून बापू इतर पोरांच्या रांगेत निजायला लागला.

सुरुवातीला सगळं बरं वाटलं, खोटं कशाला बोलू? पोर शांत. दुर्गाचा हात रेच्यावर बसला, मुकादम गप्प झाला. जयू रोज माझ्याबरोबर उड्या मारत यायची. कोजागिरीला शाळेत दूध दिलं तर लपवून वाटीभर बापूसाठी आणलं तिनं, सगळं फ्रॉकवर सांडलं. तिचा समोरचा दात पडला, तो मुठीत धरून पूर्ण फ्रीगंज चालली आणि उंदराचं बीळ सापडेना म्हणून शेवटी वकिलांच्या गुदामातल्या उंदराला देऊन आली. अंक तर तिला इतके यायचे, की बाईंनी तिला वरच्या वर्गातल्या पोरींचे पाढे घ्यायला उभं केलं. दुर्गा ते तोंडानं ऐकायची, हो हो, तोंड उघडं टाकून ऐकायची, आणि मला पुन्हा सांगायला लावायची.

बापू मात्र भिंत धरेना. रांगेना पण. बसवलं की बसायचा, पाडलं की पडायचा. गाल उतरले. पोट कडक. डोळ्यांतली बाहुली टाचणीएवढी. जयूनं त्याच्यासमोर खुळखुळा वाजवला तर त्याच्याकडे न बघता कुठंतरी पलीकडे बघायचा. "मावशी, बापू मोठा होऊन राहिला का लहान?" तिनं मला विचारलं. आणि राईचा कण आता राईचा राहिला नव्हता. तेवढ्यानं झोप येईना, मग थोडा मोठा, मग अजून थोडा. दुपारी जाग आली की धापूमाँही आपल्या अंगठ्यानं एक कण चाटवायची.

दिवाळीत जिन बंद राहिलं. त्याच दिवाळीत आमचा मध्यभारत जाऊन मध्यप्रदेश आला. वकिलांच्या घरी सगळे भोपाळ, भोपाळ करत होते, कोणाची बदली, कोणाचं ऑफिस गेलं. इकडे आमच्या ओळीत बापू रडत होता.

पहाटे उटणं लावायला दुर्गानं त्याला पायांवर घेतला. काम नाही, आज कशाला द्यायची, म्हणून तिनं गोळी दिली नव्हती. फासळ्या मोजून घ्याव्यात असं ते अंग झालेलं. पाणी घातलं आणि त्यानं जो सूर धरला तो दिवस डोक्यावर आला तरी थांबेना. नाक गळतंय, घाम सुटलाय, जांभयांवर जांभया, पाय पोटाशी ओढून घेतोय. हगवण लागली. दुर्गानं मीठ-मोहऱ्या ओवाळून चुलीत टाकल्या. दृष्ट म्हणाली, पाणी बाधलं म्हणाली. पदराखाली घेतलं तर तोंड लावेना. छातीला धडका मारायचा आणि तिचा हात धरून ओढायचा.

मी करंज्यांचं ताट घेऊन गेले तेव्हा पाहिलं. त्यानं तिचा हात दोन्ही मुठींत पकडला होता. बोटं एकेक करून बाजूला सारली. अंगठा सापडला. तो तोंडात घालून नखाखाली चाटायला लागला. काही मिळेना तशी किंचाळी फोडली. आईचं भरलेलं दूध लुगड्यावर गळत होतं, आणि पोर आईचा अंगठा चाटत होतं.

दुर्गानं माझ्याकडे पाहिलं. "वहिनी, ह्याला मी नको," ती म्हणाली. "ह्याला ती पाहिजे."

मग मात्र ती फुटली. कुणाच्या मयताला बाई रडत नाही अशी रडली. जयू कोपऱ्यात नवा फ्रॉक घालून बसलेली, हातात फुलबाजी, ती पण रडायला लागली. मी काय करू? करंज्या ठेवल्या आणि म्हटलं, ऊठ, चल डॉक्टरकडे.

वकिलांच्या ओळखीच्या एक डॉक्टरीणबाई होत्या फ्रीगंजात. सणाचा दिवस, तरी दार उघडलं. बापूच्या पापण्या वर करून पाहिल्या आणि बाहेर बसलेल्या सगळ्या माणसांना ऐकू जाईल असा तिच्यावर आवाज चढवला. "माँ हो कि कसाई? बच्चे को सुलाना है तो पैदा क्यों किया?" दुर्गा उभ्या उभ्या ऐकत राहिली. मला तर संताप आला, म्हटलं जिनात येऊन बघा एकदा. पण दुर्गानं माझा हात दाबला.

"बाई, बंद केली तर मरेल का?" तिनं मराठीतच विचारलं.

डॉक्टरीणबाईंना मराठी समजायचं. त्यांचा आवाज खाली आला. एकदम नाही बंद करायची, म्हणाल्या, रोज थोडी थोडी कमी. पोर रडेल. खूप रडेल. उलट्या होतील. दूध, पेज घोटाघोटानं देत राहायचं, अंग गरम ठेवायचं. आणि शेवटी म्हणाल्या, "गोद से उतारना मत. दिनभर कोई न कोई लेके घूमो."

कोई न कोई. वाटेत दुर्गा तेच पुटपुटत होती.

जिन पुन्हा सुरू व्हायच्या आदल्या संध्याकाळी जयूनं पाटी फडक्यात गुंडाळून फळीवर ठेवून दिली. कुणी सांगितलं नव्हतं. "मी राहते घरी," ती म्हणाली. "मला नाही आवडत शाळा. बाई मारतात."

बाईंनी तिला कधी बोट लावलं नव्हतं, मला माहीत ना. दुर्गालाही माहीत. तिनं पोरीच्या थोबाडीत मारली. चांगली सणसणीत. आणि लगेच तिला छातीशी ओढून घेतलं. बापू मांडीवर ओरडतोय, जयू हुंदके देतेय, आणि ही दोघांना धरून बसलेली. मी दारात उभी, आत जाता येईना की बाहेर.

गोपाळ चुलीशी बसून भाकरी खात होता. अर्धी भाकरी ताटात ठेवून उठला, हात धुतले आणि बाहेर गेला. मला राग आला त्याचा. म्हटलं, पुरुषांचं बरं असतं, रडारड झाली की उठून जायचं.

तो कुठे गेला होता ते सकाळी कळलं. मुनीमजींकडे जाऊन त्यानं रात्रपाळी मागून घेतली होती.

हे सोपं नव्हतं हो. दिवसपाळीचा मिस्त्री म्हणजे सगळ्या जिनाचा मिस्त्री, त्याच्या शब्दावर इंजिन थांबायचं. रात्रपाळीला एक इंदूरचा पोरगा होता, सुरुवातीला गोपाळच्याच हाताखाली पाने उचलून देणारा. आता तो दिवसाचा झाला आणि गोपाळ रात्रीचा. मुनीमजींनी कारण विचारलं तर ह्या बाबानं खरं सांगितलं, पोर सांभाळायचं आहे. गादीवर बसलेले सगळे हसले. "फिर तो मिस्त्री, घाघरा भी सिलवा लो," मुनीमजी म्हणाले. हे तिथेच होते, त्यांनी मला सांगितलं. गोपाळ नुसता 'हो' म्हणाला म्हणे.

जयूची पाटी त्यानंच फळीवरून काढून तिच्या हातात दिली. "जा," म्हणाला. "डबे मोज आगगाडीचे."

त्यानंतरचे दिवस मी विसरणार नाही. रात्रभर रेच्यांशी झटून हा माणूस सकाळी यायचा, तोंडावर काळं तेल, डोळे लाल, आणि दुर्गा बापूला त्याच्या हातात देऊन जिनात जायची. जायच्या आधी ती सुईच्या टोकानं कण तोडायची, कालच्याहून बारीक, आणि गोपाळकडे बघायची. तो मान हलवायचा, अजून बारीक. मग धोतरानं पोराला छातीशी बांधून तो अंगणात फिरायला लागायचा. निंबाच्या झाडापासून हौदापर्यंत, हौदापासून झाडापर्यंत. बापू किंचाळायचं, त्याच्या खांद्याला चावायचं, ओकायचं. गाडीवाले चहा पीत बघायचे. "मिस्त्री, दूध आलं का रे?" असं एकजण रोज विचारायचा. गोपाळ फिरत राहायचा.

एक दिवस मी दुपारी परत आले तर तो झाडाला टेकून उभ्या उभ्या झोपलेला. तोंड उघडं. पण हात पोराच्या पाठीवर थापटत होता, झोपेत. बापू जागं होतं आणि रडत नव्हतं. निंबाची पानं बघत होतं. मी पेजेची वाटी आणली, चमच्यानं दिली. घेतली त्यानं. अजून मागितली. मी गोपाळला उठवलं नाही.

कण संपला. एका सकाळी दुर्गानं अफूची पुडी उघडलीच नाही. दोन दिवस पुन्हा हैदोस झाला, मग कमी झाला. बापूचं पोट मऊ पडलं. डोळ्यांत माणूस दिसायला लागलं. जयू शाळेतून आली की तिच्याकडे बघून हात आपटायचं. एक दिवस तिची वेणी धरून तोंडात घातली तर ती ओरडली, "माय, हा मारतो मला!" आणि हसत सुटली. कार्तिक सरत आला होता, उन्हात बसावंसं वाटायचे दिवस. गोपाळनं त्याला बोट धरून उभं केलं. पाय लटपटायचे, पण उभं राहिलं.

दुपारच्या सुट्टीत गोपाळ त्याला जिनात घेऊन जायचा, दुर्गा पाजायची. बायांना त्याची सवय झाली होती. आधी पदर तोंडाला लावून हसायच्या, मग एकीनं स्वतःचं पोर पुढे करून विचारलं, "भैया, कसो छोड़ायो?" गोपाळनं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं. तिच्याकडे रात्रपाळी मागणारा कोणी नव्हता.

त्या दिवशी वकिलांकडून लवकर सुटले म्हणून मीही गेले होते, ह्यांचा डबा घेऊन. ऊन छान पडलं होतं. बाया पत्र्याच्या कडेला ओळीनं भाकऱ्या सोडून बसलेल्या. गोपाळनं बापूला एका रिकाम्या गाडीच्या चाकाशी उभं केलं. दुर्गा हात धुऊन समोर येऊन उकिडवी बसली. "ये, माझ्या राजा, ये," म्हणाली आणि दोन्ही हात पसरले.

बापूनं चाक सोडलं.

मी तोंडावर हात ठेवला. गोपाळ अर्धा वाकलेला, पडेल म्हणून. पोर उभं होतं, कशालाही न धरता. मग एक पाऊल टाकलं. मग एक. डुलत, दोन्ही हात वर करून. बाया "अरे अरे" करायला लागल्या. दुर्गाचं तोंड असं फुललं होतं, मी तिला तशी कधी पाहिली नव्हती.

ते तिच्या हातांजवळ आलं, आणि पुढे गेलं.

तिच्या बाजूनं, खांद्याला घासून गेलं. पत्र्याखाली, निजलेल्या पोरांच्या रांगेपाशी धापूमाँ बसली होती. बापू थेट तिच्यापर्यंत गेलं, तिच्या मांडीवर आदळलं, आणि तिचा हात धरून मूठ उघडायला लागलं. बोटं एकेक करून बाजूला सारली. अंगठा काढला.

धापूमाँनं हात ओढून घेतले, घाघऱ्याखाली दडवले. "नी रे बेटा, नी," म्हणत राहिली. म्हातारीच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. पोर घाघरा ओढत होतं.

गोपाळ उचलायला धावला. दुर्गानं त्याला हातानं थांबवलं. ती उठली, लुगड्याचा सोगा नीट केला, जाऊन धापूमाँच्या शेजारी मातीत बसली.

"हाथ धोया है न, माँ?" तिनं विचारलं.

म्हातारीनं मान डोलावली.

"मग चाटू द्या. काही नाही तिथं. कळू दे त्याला."

धापूमाँनं हात बाहेर काढला. बापूनं अंगठा तोंडात घातला. चाटला. नखाखाली जीभ फिरवली. काढून बघितला. पुन्हा घातला. मग सोडून दिला, मट्कन खाली बसला आणि रडायला लागला. त्याचं दिवाळीतलं रडणं मी ऐकलं होतं. हे तसं नव्हतं. कुणी खाऊ दिला नाही म्हणून कुठलंही पोर रडतं तसं होतं. दुर्गानं त्याला पदराखाली घेतलं. त्यानं तोंड लावलं आणि प्यायला लागलं, हुंदके देत देत.

दुर्गाचे डोळे वाहत होते, पण ती हसायला बघत होती. "चालला ना पण?" ती आमच्या सगळ्यांकडे बघून म्हणाली. "कुणाकडे का जाईना. चालला ना?"

"चालला," गोपाळ म्हणाला.

भोंगा झाला. बाया उठल्या, भाकऱ्या बांधल्या. दुर्गानं पोर गोपाळच्या हातात दिलं, पदरानं तोंड पुसलं आणि आत गेली. मग मीच निघाले जयूला आणायला, नेहमीची वाट. शाळा सुटली होती. माझं तोंड बघूनच तिनं ओळखलं की काहीतरी झालंय.

"काय झालं, मावशी?"

"बापू चालला."

ती रस्त्यात उभी राहून किंचाळली. टांगेवाला वळून बघायला लागला. पाटी छातीशी धरून तिनं मला प्रश्नांनी भंडावलं, कितीदा पडला, किती पावलं टाकली, बाबांनी बोट धरलं होतं का, आणि माझ्याशिवाय कसा चालला, वाट नाही का बघायची. मग म्हणाली, "कुणाकडे गेला ग आधी?"

मी तिचं बोट धरलं. फाटक बंद होत होतं, गाडी यायची होती.

"आईकडे," मी म्हटलं. "आणखी कुणाकडे जाणार?"